स्मार्ट स्पीकर बंद पडला तर रीसेट सर्वांत शेवटी : कोकणातल्या घरांसाठी तपासणीचा क्रम

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले, की आठवड्याभरात आमच्या वाडीत एकच तक्रार घरोघर ऐकू येते. मुलाने सुट्टीत स्पीकर आणला, जोडून दिला, चार दिवस तो उत्तम चालला. मग एका रात्री लाईट गेली, सकाळी आली आणि तेव्हापासून स्पीकर नुसता दिवा फिरवत बसला आहे. अशा वेळी कोणीतरी फोनवर व्हिडिओ पाहून स्पीकर रीसेट करतो आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. रीसेट केलेला स्पीकर वायफायचे नाव विसरतो, पासवर्ड विसरतो, आणि तो पुन्हा जोडण्यासाठी ज्याचे खाते लागते तो मुलगा डोंबिवलीला ड्यूटीवर असतो. मूळ बिघाड मात्र पडवीतल्या राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तसाच राहतो.

स्पीकर हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. त्याच्या आधी वीज, फायबर, राउटर आणि खाते असे दुवे असतात, आणि तपासणी त्याच क्रमाने करावी लागते. पुढचे टप्पे अमेझॉनच्या इको स्पीकरसाठी, म्हणजे अलेक्सासाठी, आणि गूगलच्या नेस्ट मिनीसारख्या स्पीकरसाठी लिहिले आहेत. एखादा टप्पा पार पडून स्पीकर चालू झाला, तर तिथेच थांबावे. पुढची बटणे उगाच दाबू नयेत.

## आधीची तयारी

एका कागदावर वायफायचे नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवावा. इंग्रजी अक्षर मोठे आहे की लहान, शून्य आहे की ‘ओ’, हे स्पष्ट दिसले पाहिजे. त्याच कागदावर स्पीकर कोणत्या ईमेलच्या किंवा मोबाईल क्रमांकाच्या खात्याला जोडला आहे तेही लिहावे. खात्याचा पासवर्ड मात्र या कागदावर नको, कारण हा कागद राउटरशेजारी राहणार आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडणार.

दुसरी तयारी अधिक महत्त्वाची आहे. जो माणूस बारा महिने त्या घरात राहतो, त्याच्या फोनवर अलेक्साचे किंवा गूगल होमचे अ‍ॅप हवे आणि त्यात लॉगिन झालेले हवे. गूगल होममध्ये घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला सदस्य म्हणून बोलावता येते. ते काम मुलगा गावी असतानाच उरकावे. अलेक्साच्या बाबतीत त्याच खात्याने आईवडिलांच्या फोनवरही लॉगिन करता येते, परंतु पडताळणीचा ओटीपी मुलाच्या फोनवर जातो, तेव्हा तो फोनवर उपलब्ध असण्याची वेळ ठरवूनच हे करावे. मुलाच्या खात्यावर त्याची खरेदी आणि खाजगी गोष्टीही असतात. म्हणून गावातल्या स्पीकरसाठी आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर वेगळे खाते उघडणे मला अधिक बरे वाटते.

## टप्पा १ : हात लावण्याआधी दिवा पाहावा

इको स्पीकरवर तांबडा दिवा स्थिर असेल, तर मायक्रोफोन बंद केलेला आहे. धूळ पुसताना वरचे बटण दाबले जाते आणि मग ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार होते. तेच बटण एकदा दाबले की काम संपते. नेस्ट मिनीला मायक्रोफोनसाठी कडेला, वायरीजवळ, सरकती कळ असते. ती बंद असल्यास वरचे ठिपके नारिंगी दिसतात.

इकोवरचा पिवळा दिवा संथपणे उघडझाप करत असेल, तर तो बिघाड नव्हे. एखादा निरोप किंवा सूचना ऐकायची राहिली आहे. फिरता नारिंगी दिवा म्हणजे स्पीकर जोडणीच्या अवस्थेत आहे किंवा इंटरनेट शोधतो आहे. बोलून झाल्यावर क्षणभर जांभळा दिवा दिसला, तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ (सूचना आणि हाका बंद ठेवण्याची सोय) चालू आहे. यांपैकी इंटरनेटशी संबंधित दिवा दिसला किंवा दिवाच लागला नाही, तरच पुढे जावे.

## टप्पा २ : वीज आणि अ‍ॅडॉप्टर

दिवाच लागत नसेल, तर स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रीज, टीव्ही, राउटर आणि स्पीकर असे सगळे संसार मांडलेले असतात आणि त्यातला एखादा सॉकेट सैल झालेला असतो.

सर्वांत जास्त होणारी चूक अ‍ॅडॉप्टर बदलण्याची. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवला, म्हणून जुन्या मोबाईलचा चार्जर लावला जातो. जुने मायक्रो यूएसबीचे स्पीकर त्यावर सुरू होतातही. परंतु आवाज वाढवला किंवा गाणे लावले की वीज कमी पडते आणि स्पीकर स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतो. गोल पिनेच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये धोका याहून मोठा आहे. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळले असे होत नाही. राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा आणि स्पीकरचा अ‍ॅडॉप्टर दिसायला भावंडे असतात, आणि घाईत त्यांची अदलाबदल झालेली मी स्वतः दोन घरांत पाहिली आहे. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर मार्करने नाव लिहून टाकावे.

किनाऱ्यालगतच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवट थर चढतो. गेल्या वर्षी समुद्रासमोरच्या एका घरात स्पीकर ‘मेला’ म्हणून मला बोलावले. अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढला, खिडकीच्या उजेडात धरला, तर पितळेच्या दोन्ही पिना देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारख्या काळ्याहिरव्या झाल्या होत्या. बारीक पॉलिश पेपरने त्या घासल्या, कोरड्या कापडाने पुसल्या आणि स्पीकर बोलू लागला. ही सफाई अ‍ॅडॉप्टर पूर्णपणे बाहेर काढूनच करावी. सॉकेटच्या आत काहीही घालू नये. तिथे पाली आणि मुंग्या शिरल्याची शंका असल्यास मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवावे.

इशारा : मे महिन्यातल्या वळिवात आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येऊ लागला, की स्पीकर, राउटर आणि त्याला जोडलेली टीव्हीची किंवा संगणकाची नेटवर्क केबल काढून ठेवावी. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण तांब्याच्या केबलमधून आणि अ‍ॅडॉप्टरमधून लाट येतेच. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग बाहेर काढावा.

## टप्पा ३ : इंटरनेट खरोखर येत आहे का

या तपासणीत जवळजवळ प्रत्येक जण फसतो. ‘माझ्या फोनवर नेट चालू आहे’ असे सांगितले जाते, आणि फोन मोबाईल डेटावर चालत असतो. म्हणून फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करावा, वायफाय चालू ठेवावे आणि आधी कधी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. अलेक्सा ‘सॉरी, आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल अंडरस्टँडिंग राइट नाऊ’ असे म्हणत असेल, तर तिला तुमचे उच्चार कळत नाहीत असा अर्थ सहसा नसतो. तुमचा आवाज सर्व्हरपर्यंत पोहोचत नसतो.

संकेतस्थळ उघडत नसेल, तर फायबरची वायर ज्या डबीत येते तिच्यावरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येत नाही. आमच्याकडे फायबर विजेच्या खांबांवरून आणि माडापोफळीच्या बागांतून येते. एक झावळ पडली तरी ती तुटते. अशा वेळी घरातली कोणतीही कळ दाबून उपयोग नसतो. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी आणि स्पीकरला अजिबात हात लावू नये. लाइन दुरुस्त झाल्यावर तो आपोआप जोडला जातो.

‘एलओएस’ लाल नसेल, तर पुढील क्रमाने सर्व काही बंद-चालू करावे.

१. स्पीकर, राउटर आणि फायबरची डबी, तिन्ही बंद करावीत आणि एक मिनिट थांबावे.
२. आधी फायबरची डबी चालू करावी आणि तिचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. डबी आणि राउटर एकच असतील तर पुढची पायरी गाळावी.
३. मग राउटर चालू करावा आणि फोनवर, मोबाईल डेटा बंद ठेवून, नेट आल्याची खात्री करावी.
४. सर्वांत शेवटी स्पीकर लावावा.

लाईट आल्यावर ही तिन्ही उपकरणे एकाच क्षणी जागी होतात, हीच अडचण असते. काही स्पीकर नंतर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतात, काही हटून बसतात. राउटर आणि डबीसाठी छोटा यूपीएस घेतल्यास हा टप्पाच वर्षातून क्वचित करावा लागतो. मात्र यूपीएसचे व्होल्टेज आणि अँपियर दोन्ही उपकरणांच्या लेबलांशी जुळवून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर राउटरचा सॉकेट त्यावर आहे का हे एकदा मेन स्विच बंद करून पाहावे. दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि राउटर विसरला जातो.

## टप्पा ४ : वायफाय स्पीकरपर्यंत पोहोचते का

जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण वायफायची वाट अडवतात, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात तेव्हा अधिकच. पत्र्याच्या शेडपलीकडे किंवा लोखंडी कपाटामागे तर लहरी जवळजवळ जातच नाहीत. मार्चमध्ये माजघरात नीट चालणारा स्पीकर जुलैत अडखळू लागला, तर नवल मानू नये.

तपासणी सोपी आहे. फोन हातात घेऊन उभे न राहता स्पीकरच्या जागी ठेवावा आणि मोबाईल डेटा बंद करून एखादा व्हिडिओ लावावा. तो थांबत थांबत चालला, तर स्पीकरची जागा किंवा राउटरची जागा बदलावी. राउटर बहुधा ओटीच्या कोपऱ्यात, फायबर आत शिरते तिथेच, जमिनीलगत बसवलेला असतो. तो उंचावर आणि घराच्या मध्याकडे नेल्यास बराच फरक पडतो.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली पट्टी सावकाश पण भिंती ओलांडणारी, दुसरी वेगवान पण एका भिंतीत थकणारी. दूरच्या खोलीतला स्पीकर पहिल्या पट्टीवर ठेवावा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ती वेगळी करून घ्यावीत. टप्पा ७ मध्ये याची पुन्हा गरज पडणार आहे.

राउटर बदलताना : नव्या राउटरला जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि जुनाच सुरक्षेचा प्रकार द्यावा. अक्षरनअक्षर सारखे असेल, तर स्पीकर आणि वायफायवर चालणारे स्मार्ट प्लग, दिवे सगळे काही न करता जोडले जातात. बसवायला येणारा माणूस स्वतःच्या मनाचे नाव देऊन जातो. तो निघण्यापूर्वीच त्याच्याकडून ते बदलून घ्यावे. ही एक गोष्ट पाळली, तर अर्धा लेख वाचावा लागणार नाही.

इशारा : मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्पीकर कायमचा जोडू नये. हॉटस्पॉट ज्याचा, तो घराबाहेर पडला की स्पीकर मुका होतो. मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांसाठी लॉगिनचे पान उघडणारे वायफाय असते. तसल्या वायफायवरही स्पीकर सहसा जोडला जात नाही, कारण ते पान उघडायला त्याच्याकडे पडदाच नसतो.

## टप्पा ५ : खाते आणि अ‍ॅप

नेट आहे, वायफाय पोहोचते, तरीही अ‍ॅपमध्ये स्पीकर ‘ऑफलाइन’ दिसतो, असे असल्यास अ‍ॅपमध्ये कोणते खाते उघडे आहे ते पाहावे. एकाच फोनवर दोन खाती असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि चुकीच्या खात्यात स्पीकर दिसतच नाही.

इकोचे वायफाय बदलायचे असेल, तर त्यासाठी रीसेट लागत नाही. तिसऱ्या पिढीपासूनच्या इको डॉटवर ठिपक्याचे बटण दाबून धरावे आणि नारिंगी दिवा फिरू लागताच बोट उचलावे. मग अ‍ॅपमधून नवे वायफाय द्यावे. तेच बटण २० ते २५ सेकंद दाबून धरले, तर स्पीकर कोरा होतो. न कळत झालेले बहुतेक रीसेट मी असेच झालेले पाहिले आहेत. नेस्ट मिनीचे जुने वायफाय नाहीसे झाले असेल, तर मात्र त्याला बहुधा रीसेटच करावे लागते. म्हणून त्या स्पीकरसाठी वरची ‘जुनेच नाव, जुनाच पासवर्ड’ ही युक्ती अधिक मोलाची आहे.

जोडणी करताना फोनचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवे, व्हीपीएन (नेटची वाट दुसरीकडून वळवणारे अ‍ॅप) बंद हवे आणि फोन त्याच घरातल्या वायफायवर हवा.

हवामान विचारले की स्पीकर ठाण्याचा पाऊस सांगत असेल, तर तो बिघाड नाही. स्पीकरच्या सेटिंगमध्ये पत्ता मुलाच्या घरचा राहिला आहे. तिथे गावाचा पत्ता आणि पिनकोड द्यावा, उदाहरणार्थ मालवण असल्यास ४१६६०६.

## टप्पा ६ : ऐकतो, पण भलतेच करतो

इथे अंदाज बांधत बसू नये. अलेक्सा अ‍ॅपमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ या भागात ‘व्हॉइस हिस्टरी’ असते. गूगलच्या खात्यातही अशीच नोंद असते. स्पीकरने नेमके काय ऐकले ते तिथे अक्षरांत लिहिलेले दिसते. नोंदच नसेल, तर हाक पोहोचली नाही. नोंद चुकीची असेल, तर भाषेचा प्रश्न आहे. नोंद बरोबर असूनही काम झाले नसेल, तर दोष पुढच्या टप्प्यातल्या उपकरणांत आहे. ही तीन भागांतली विभागणी डोक्यात ठेवल्यास बराच वेळ वाचतो.

हाक पोहोचत नसेल, तर स्पीकर भिंतीपासून आणि खिडकीपासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवावा आणि टेबल फॅनचा झोत त्यावर येऊ देऊ नये. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तो माणसालाही ऐकू देत नाही, तिथे मायक्रोफोनचा काय पाड. अशा वेळी इकोवरचे ठिपक्याचे बटण एकदाच, हलके दाबून बोलावे, म्हणजे हाक मारण्याची गरज राहत नाही. मायक्रोफोनच्या भोकांवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. तोंडाने फुंकू नये, कारण वाफ आत जाते.

भाषेचे म्हणाल, तर इको स्पीकरला भारतासाठी इंग्रजी आणि हिंदी देता येते, दोन्ही एकत्रही ठेवता येतात. मराठी देता येत नाही. तरीही घरातली माणसे मराठीतच बोलणार. आमच्या शेजारच्या काकू दररोज संध्याकाळी ‘अलेक्सा, पडवीतली लाईट घालव गो’ असे म्हणत आणि लाईट तशीच राही. नोंद उघडली, तर दरवेळी ‘पार्वती लाइट’ असे काहीतरी लिहिलेले. दोन उपाय केले. प्लगचे नाव ‘पडवी’ काढून ‘बाहर लाइट’ ठेवले. शिवाय अ‍ॅपमध्ये एक रूटीन (ठरावीक शब्द ऐकले की ठरावीक काम करण्याची सोय) बनवून, काकूंच्या हाकेची नोंद ज्या अक्षरांत दरवेळी सारखीच येत होती, तीच अक्षरे तिथे घातली. आता काकू आपल्याच भाषेत बोलतात आणि लाईट जाते. नोंद दरवेळी वेगळी येत असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे शब्दच बदलावा लागतो.

उपकरणांची नावे ठेवताना ती एकमेकांपासून ऐकायला दूर असावीत. ‘माडी लाइट’ आणि ‘माजघर लाइट’ असा जोड ठेवला, तर गोंधळ ठरलेलाच.

गाणे लावले आणि ते स्पीकरऐवजी दुसरीकडेच वाजले, किंवा कोणाच्या तरी फोनचे रील्स स्पीकरवर ऐकू येऊ लागले, तर ब्लूटूथ पाहावे. सुट्टीत भाच्याने जोडलेला फोन पुन्हा घरात आला की अनेकदा आपोआप जोडला जातो. अ‍ॅपमधून त्या फोनची जोडणी काढून टाकावी.

## टप्पा ७ : प्लग, दिवे आणि विहिरीचा पंप

‘डिव्हाइस इज अनरिस्पॉन्सिव्ह’ असे उत्तर आले, तर स्पीकरला दोष देण्यापूर्वी त्या प्लगच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून तो चालू होतो का ते पाहावे. तिथेही होत नसेल, तर प्लग वायफायपासून तुटला आहे. बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते जोडताना फोनही त्याच पट्टीवर ठेवावा. प्लगच्या अ‍ॅपमधून चालत असेल आणि स्पीकरवरून होत नसेल, तर दोन्ही खात्यांमधली जोडणी तुटली आहे. प्लगच्या अ‍ॅपचा पासवर्ड बदलल्यावर असे होऊ शकते. अलेक्सामध्ये त्या कंपनीचे स्किल (तिची उपकरणे अलेक्साला जोडणारी सोय) बंद करून पुन्हा चालू करावे आणि लॉगिन करावे. एकाच नावाची जुनी, ऑफलाइन दिसणारी उपकरणे यादीतून काढून टाकावीत.

पंपाविषयी थोडे थांबून लिहितो. एक अश्वशक्तीचा पंप म्हणजे ७४६ वॅट, म्हणून १० अँपियरच्या प्लगवर तो सहज चालेल असे कागदावर दिसते. परंतु मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि प्लगमधला रीले, म्हणजे आतला छोटा स्विच, त्या ठिणगीने हळूहळू जळतो किंवा चिकटून बसतो. चिकटलेला रीले अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसतो आणि पंप चालूच राहतो. पंपासाठी वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह सोसणारा स्विच, बसवून घ्यावा आणि स्मार्ट स्विचने फक्त तो कॉन्टॅक्टर चालवावा.

तपासणी : बहुतेक प्लगच्या अ‍ॅपमध्ये ‘पॉवर ऑन स्टेट’, ‘रीले स्टेटस’ किंवा तत्सम नावाचे सेटिंग असते, लाईट जाऊन परत आल्यावर प्लगने काय करावे ते तिथे ठरते. पंप, गीझर आणि इस्त्री यांच्यासाठी ते ‘ऑफ’ असलेच पाहिजे. नाहीतर रात्री तीनला लाईट येते, पंप सुरू होतो आणि सकाळपर्यंत टाकी वाहते, किंवा विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरून जळते. सेटिंग बदलल्यावर मेन स्विच पाडून आणि वर करून स्वतः खात्री करावी.

## टप्पा ८ : रीसेट

वरचे सातही टप्पे झाले, कागद हाताशी आहे, खातेदार फोनवर उपलब्ध आहे आणि वायफाय चालू आहे, अशा वेळीच रीसेट करावे. तिसऱ्या पिढीपासूनच्या इको डॉटवर ठिपक्याचे बटण २० ते २५ सेकंद दाबून धरावे. दिवा विझून पुन्हा लागतो. नेस्ट मिनीवर आधी मायक्रोफोनची कळ बंद करावी आणि मग वरच्या बाजूला मध्यभागी बोट दाबून धरावे. पाच सेकंदांनी प्रक्रिया सुरू होते, त्यानंतर आणखी दहा सेकंद, आवाज येईपर्यंत, बोट उचलू नये. पूर्ण झाल्यावर मायक्रोफोनची कळ परत चालू करावी. ती बंदच राहिली, म्हणून ‘रीसेट करूनही ऐकत नाही’ असा फोन मला याच पावसाळ्यात आला होता.

प्लग आणि दिवे खात्यात नोंदलेले असतात, स्पीकरमध्ये नव्हे. त्यामुळे त्याच खात्याने स्पीकर जोडल्यास ते जसेच्या तसे परत दिसतात. वेगळ्या खात्याने जोडला, तर सगळे नव्याने बांधावे लागते. जोडणी झाल्यावर पत्ता, भाषा आणि रूटीन या तीन गोष्टी पाहाव्यात, एक गजर लावून तो वाजेपर्यंत थांबावे आणि मग वायफायचा कागद राउटरमागे परत ठेवावा.